घटनादुरुस्ती

सोहारला आज सोमवार आहे, नुसता सोमवार.
स्मेल्टरची बस मंदारला सातला फाटकाशी सोडून गेली.
अंगाला जळक्या कोळशाचा वास, बूट दाराबाहेर,
आणि साडेसातला आतल्या खोलीची कडी.
सुट्टी तिकडे. इथली सुट्टी नोव्हेंबरातच होऊन गेली,
तेव्हा झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत गेल्या
आणि शर्वरीने गॅलरीतून एकूणएक गाडीला हात केला.

शाळा जेवणाच्या टेबलावर.
फीचा तिसरा हप्ता चुकला त्या वर्षापासून
मुख्याध्यापिका मी, शिपाई मी,
आणि मधल्या सुट्टीची घंटा म्हणजे कुकरची तिसरी शिट्टी.
माझ्या कार्डावर, फोटोखाली, छापलेलं आहे:
काम करण्यास परवानगी नाही.

फळ्यावर लिहिलं, राज्यघटना.
निमिष म्हणाला, घटना म्हणजे घडते ती ना?
काल गीझर बिघडला, तशी?
म्हटलं, ही घडली नाही रे, बसून लिहिली.
पंधरा ऑगस्टला घराची किल्ली हातात आली,
आत कसं राहायचं ते सव्वीस जानेवारीला ठरलं.
शर्वरीला किल्ल्या कळतात.
चार वर्षांत तीन घरं परत केलीत तिने,
भिंतीतल्या खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवून.

मग चार्टपेपर पसरला. आमच्या घराची घटना.
वर ठळक अक्षरात: आम्ही, या घरात राहणारे.
कलम एक: बाबा रात्रपाळीहून येऊन झोपले असतील तर
कुणीही ओरडू नये.
कलम दोन: दोडक्याला नाही म्हणता येईल,
पण एक घास खाल्ल्यावर.
कलम तीन निमिषचं:
सगळी कलमं शर्वरीने एकटीने लिहू नयेत.

राष्ट्रगीताची वेळ झाली
आणि कलम एक आडवं आलं.
तिघं उभे राहिलो फ्रिजकडे तोंड करून,
फ्रिजवर क्रेयॉनचा तिरंगा, चक्राचे आरे एकोणीसच मावलेले,
आणि सगळं कुजबुजत म्हटलं.
शेवटचा जयजयकार तर नुसत्या ओठांनी.
इतकं हळू आणि इतकं ताठ
मी कधीच उभी राहिले नव्हते.

अकराला नूरुल आला, गीझरचा एलिमेंट घेऊन,
मूळ चितगावचा. भिंतीवरचा तिरंगा बघून म्हणाला,
हमारा भी छब्बीस है. मार्च का.
शर्वरीने लगेच कॅलेंडरवर मार्चमध्ये गोल काढला.

मग ती पुस्तकातली उद्देशिका उतरवायला बसली
आणि पहिल्याच शब्दावर पेन्सिल थांबली.
आई, आम्ही का? आपण का नाही?
आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो ना?
हे मी शिकवलेलं नव्हतं.
शेजारी तमिळ, खाली बलुची, वर मल्याळी,
या सगळ्यात ही मराठी तिने कुठे ऐकली देव जाणे.
म्हटलं, ते जगाला सांगत असतील. बहुतेक.
उद्या बघून सांगते.
शिक्षकांचं सगळ्यात जुनं वाक्य माझ्याही तोंडून निघालं.

नूरुल बाथरूमच्या दारात, अनवाणी,
हातात जुना एलिमेंट, क्षाराने पांढरा पडलेला.
तिने त्याच्याकडे पाहिलं, मग चार्टकडे,
आणि आम्ही खोडून आपण लिहिलं.
या घरात राहणारे, यापुढे
जरा जागा उरली होती, तिथे बारीक अक्षरात: आणि आलेले.
अशी खाडाखोड चालते?
चालते, म्हटलं. तिला घटनादुरुस्ती म्हणतात.

निमिष धावला बाथरूमकडे,
चाचा, चाचा, आमच्याकडेपण दुरुस्ती चाललीय!
आणि नूरुलने, पाना हातात तसाच,
ओठांवर बोट ठेवून
दाराबाहेरचे बूट दाखवले.