टीप

गुरुवारी दुपारी अशोक चौकात बॉबिन आणायला गेले,
आले तर मशीन नाही.
पायडल होतं, पट्टा लोंबत होता,
वरचं काळं डोकं तेवढं उपटून नेलेलं.
शेजारी शाळेच्या निळ्या चड्ड्यांचा गठ्ठा,
एकशे चाळीस नग, शनिवारी पोचवायचे,
त्याला कुणी हात लावला नव्हता.

गजराबाई दारात विडीची पानं कातरत होती.
"मला काय दिसतंय गं," म्हणाली,
जिला सुपातलं चिरकं पान उंबऱ्यावरून दिसतं.

आमच्यात टीप दोन प्रकारची.
एक सुईनं मारतात,
एक चौकीत देतात.
पहिलीवर घर चालतं.
दुसरी देणाऱ्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.

माझा आजा तिमण्णा तारेच्या आत जन्मला.
रात्रीत तीनदा घंटा, तीनदा हजेरी.
तार काढली त्या दिवशी म्हणे साखर वाटली.
तरी मरेपर्यंत तो पहाटे तीनला उठून बसायचा
आणि अंधाराला सांगायचा, हाजिर.

मी तरी गेले.
बचत गटाचा हप्ता होता, आठशे वीस,
आणि मशीनची पावती माझ्या नावावर होती.
प्लास्टिकच्या पिशवीत नेली, घडी न पाडता.
हवालदारानं नाव लिहिलं. वय लिहिलं.
पत्ता सांगितला, सेटलमेंट,
तर पेन थांबलं.
"तुमच्यात चोरी झाली?"
आतल्या दोघांना ओरडून सांगितलं त्यानं. आतले हसले.
वाईट नव्हता माणूस. मला पाणी दिलं.
मग पावती उजेडाला धरून बघितली,
पाचशेची नोट बघतात तशी.

रात्री दीडला जीप आली.
मशीन शोधायला नाही, पोरं मोजायला.
लखूला नेलं, माझ्या भावाला, बनियनवर,
अन् पलीकडच्या दोघांना.
तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा लखू
सपाट रस्त्यावर शिडी उतरल्यासारखा चालत होता.

पंचांनी दंड मागितला नाही.
अंबादास नाना एवढंच म्हणाले,
"पोरी, तू आम्हाला मोजायला दिलंस."

आठ दिवसांनी मशीन ऐकू आलं.
चौथ्या घरातून, रात्री, दार लावून.
माझं मशीन चौथ्या टाक्याला अडखळतं:
खट खट खट, एक श्वास, खट.
मी ऐकत पडले. महिनाभर ऐकलं.
म्हटलं, कुणी शिवतंय म्हणजे कुणी जेवतंय.
शिवणारी त्या घरची सून असणार, इंदुमती.
तिचा हात हलका होता, धागा तुटू द्यायची नाही.

मग एका रात्री ते टाका सोडून मधेच थांबलं.
भांडं पडलं.
तिचा आवाज आला, आणि त्या आवाजावर
काहीतरी दाबलं गेलं.
कापडालाही आवाज असतो, तो मला कळतो.
अकरा दारांमागं अकरा घरं जागी होती.
गजराबाईची कात्री थांबली,
परत सुरू झाली.

उशाचा मोबाईल घेतला.
एक दाबला. परत एक दाबला.
दोन दाबायच्या आधी
लखूचं चालणं आठवलं.

मोबाईल पालथा ठेवला आणि उठले.
अनवाणी चौथ्या दारापाशी गेले, कडी वाजवली.
"इंदू, मशीन रिकामं आहे का गं?
माझी एक टीप राहिलीय."

दार उघडलं नाही.
पण आत एक हात थांबला, एवढं ऐकलं.
परत वाजवली. "एकच टीप," म्हटलं,
"मी थांबते."

किती वेळ उभी होते माहीत नाही.
मागं कडी निघाल्याचा आवाज झाला.
गजराबाई सूप घेऊन आली,
माझ्याकडं न बघता पायरीवर बसली
आणि अंधारात पानं कातरायला लागली.