कानाडोळा

सित्रातल्या आमच्या शेडमध्ये एसीचं पाणी
तुपाच्या रिकाम्या डब्यात ठिबकतं.
टेबलावर तेवीस माईक,
वेटोळ्या वायरींचे, माना टाकलेले.

एक नंबरला आवाज. दोनला बटण.
तीन म्हणजे जमीन.
या भराव घातलेल्या बेटावरसुद्धा
सर्किटला जमीन लागतेच.
चारला हूक.
कुरियाकोस फोरमन रोज तेवढंच सांगतो:
चार विसरू नको.

एकाच चॅनलवर सगळे. क्रेनवाले, रेडीमिक्सवाले,
आमचे पाण्याचे टँकर.
म्हणून प्रत्येक कंपनीच्या बोलण्याखाली
एक बारीक घुमणारा सूर,
आमचा अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच,
माणसाला ऐकू न येणारा.
तो ओळखला तरच रेडिओ तोंड उघडतो.
परक्याचं बोलणं दारापर्यंत येतं आणि
चपला न काढताच परत जातं.
आमच्या गुहागरात याला कानाडोळा म्हणतात.
तिथे तो आपोआप होतो,
इथे त्याला डाख द्यावा लागतो.

माईक हुकावर टांगला की चार जमिनीला टेकते
आणि रेडिओ फक्त घरच्यांचं ऐकतो.
उचलला की चार सुटते,
भसकन अख्खी हवा आत.
बोलायच्या आधी ऐक, कोणी बोलत नाही ना.
एवढी रीत त्या चिमूटभर पितळेला.

बावीस झाले. राळेचा धूर डोळ्यांत.
तेविसावा टँकर सहाचा.
उघडला, तर चारची तार
तुटलेली नव्हे, कापलेली.
वर टेप. टेपच्या कडा कात्रीने सरळ केलेल्या.

नवाबजान दारातच उभा होता.
स्वातचा, की पलीकडचा, मी कधी विचारलं नाही.
म्हणाला, रात्री दोन ते पाच
आपल्या कंपनीचं कोणीच बोलत नाही.
रेडीमिक्सवर एक जण असतो.
काय बोलतो कळत नाही, तमिळ असावं.
हसतो मध्येच.
सोमवारी खोकत होता.
काल आलाच नाही.

आयर्न तापलेलंच होतं.
डब्यात तीन थेंब पडेपर्यंत मी ते
हातात धरून बसलो, मग स्टँडवर ठेवलं.

चार? कुरियाकोसनं आतून विचारलं.
बघितली, म्हटलं.
टेप जुनी झाली होती,
चिकटपणा गेलेला.
नवी लावली.