उभं राहण्याचा करंट

पहिला बोर्ड जळाला रविवारी, दुपारी सव्वातीनला.
धूर जेमतेम उदबत्तीएवढा,
वास मात्र मंगळवारपर्यंत आमटीला येत राहिला,
कारण माझं वर्कशॉप म्हणजे कांजूरमार्गचा हा ओटा,
कुकर आणि मिक्सरच्या मधली हातभर जागा.
लॅमिंग्टन रोडला लखमशीने विचारलं होतं,
"ओरिजिनल पायजे, का चालेल असा पायजे?"
मी चालेल असा घेतला.
चालला. चार सेकंद.

दिवसा मी लिफ्टची पॅनलं दुरुस्त करते.
आत अडकलेल्यांना म्हणते, थांबा, दार ढकलू नका.
रात्री मोटरींना म्हणते, चला. एक पाऊल.
दोनशे पावलांची एक फेरी.
मोटरी कुर्ल्याच्या भंगारातल्या,
मेलेल्या प्रिंटरांच्या पोटातून काढलेल्या, किलोवर.
चार तारा, रंगांचा भरवसा नाही.
जोडी ओळखायची तर दोन टोकं पिळायची,
दांडा बोटांनी फिरवून बघायचा,
जड गेला तर त्या एकाच वेटोळ्याच्या.
"म्हणजे सख्ख्या," भाऊ म्हणाले,
"जोडल्या की जड जातात."

भाऊ, माझे सासरे, दिनानाथ पांचाळ.
ठाकुरद्वारला बेचाळीस वर्षं पितळी पाट्या कोरल्या,
डॉक्टरांच्या, वकिलांच्या,
एका ज्योतिषाची, ज्याने पैसे बुडवले.
आता उजवा हात थरथरतो.
बशीत कप वाजतो
आणि घरात सगळ्यांना एकदम
काहीतरी बोलायचं आठवतं.

दुसऱ्या बोर्डात तांब्याच्या वाटा रुंद केल्या.
दोन अँपिअर बोळातून जात नाहीत.
फेरिक क्लोराइडने बाथरूमची फरशी कायमची पिवळी झाली,
त्यावर नवरा काही बोलला नाही, म्हणजे बोललाच.
मोटर फिरली. मग कुठेतरी चुकली.
तिला कळत नाही चुकल्याचं.
बोर्ड मोजत जातो, एकशे बारा, एकशे तेरा,
ती अजून एकशे नऊवर,
आणि पोचलीस का
हे विचारणारी तारच मी ओढलेली नाही.
लाकडावर आडनाव कोरलं,
ळ शेजाऱ्यांच्या घरात गेला.

भाऊंनी चष्मा पुसून पाहिलं.
"शिरोरेषा शेवटी का मारलीस?"
लिहितो तशीच की.
"लिहिताना शेवटी. कोरताना आधी.
कपडे वाळत घालायचे तर दोरी कधी बांधतेस?"
त्या रात्री सगळा क्रम उलटा केला.

तिसऱ्या बोर्डावर कपॅसिटर चिपला खेटून बसवला,
चिप ओरिजिनल, चारशे ऐंशीची.
कडेला पांढऱ्या शाईत छापलं:
बंद असताना मोटर हाताने फिरवू नये.
हाताने फिरवली की तीच वीज उलट पाठवते,
चिप जाऊ शकते.

बुधवारी घरी आले तर दिवे लावलेले नव्हते.
भाऊ ओट्याशी, स्टुलावर.
उजव्या हाताने पुली फिरवत होते,
टक, टक, मधेच दोन टक एकदम,
आणि बोर्डावरचा लाल ठिपका
त्यांच्या थरथरीबरोबर पेटत होता, विझत होता.
प्लग भिंतीवर नुसता लोंबत होता.
ओरडायला हवं होतं. चारशे ऐंशी.
मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले.

चिप वाचली.

रविवारी पितळ लावलं. शिरोरेषा आधी.
तिला एकच मोटर पुरते,
दुसरीने फक्त जागा धरून राहायचं.
आडवी सरकत गेली, पितळेचा बारीक कीस मागे ठेवत.
भाऊंनी दुसरीवर तळवा ठेवला.
"ही तापलीय. ही तर हललीच नाही."
हलायचं नाही म्हणूनच, भाऊ.
नुसतं उभं राहायलाही करंट लागतो.
"हं," म्हणाले. हात काढला नाही.
उन्हाळ्यात चटका बसेल इतकी गरम होती ती.

रेघ टोकाला पोचली.
ळ अजून बाकी होता.