डिंगमाराचे खाते

आमच्या पेढीवर त्याला कुणी नावाने हाक मारली नाही.
मॉर्टेन क्लिंगबर्ग म्हणताना जीभ अडखळे,
म्हणून वहीत नुसते: डिंगमार.

तीन जहाजांचा धनी. तिन्ही त्याची नव्हती,
हे मला माहीत, मामांना माहीत,
आल्फांदिगेतल्या त्या पेंगुळलेल्या लेखकालाही माहीत.
एक इंग्रजाचे, एक वलंदेजाचे,
तिसरे कुणाचे, ते त्यालाही नीट सांगता येत नसे.
लढाई दुसऱ्यांची. त्याच्याकडे होते
लाल कापड, त्यावर पांढरी फुली.
ते तो भाड्याने देई.

"नरसू, लिही," म्हणे, मोडक्या पोर्तुगीजमध्ये,
"मिरी इतकी. सुपारी इतकी. चंदन."
मी लिही. माझी मोडी देखणी.
संध्याकाळी रायबंदरच्या घाटावर
विजार गुडघ्यांवर सारून पाय मांडवीत सोडी,
सोलकढीचा घोट घेऊन विचारी,
तुमची नदी गोठते कधी?
मी हसे. तो खरेच विचारत असे.

मोझांबिकाहून गलबत आले त्या वर्षी
तो घाटावर उतरलाच नाही.
चिठ्ठी आली: हस्तिदंत, नग अकरा.
हस्तिदंत मणांत लिहितात.
हस्तिदंत वखारीत रात्रभर खोकत नाहीत.
मी मामांकडे पाहिले. मामा सुपारी कातरत होते.
मी लिहिले: हस्तिदंत, नग ११.
त्या ओळीचे वळणही देखणेच आले.

पुढे त्याच्याच राजाची लढाई जुंपली,
फुलीचा भाव एका दुपारी उतरला.
आग्वादच्या बाहेर दोन जहाजे धरली,
तिसरे म्हणे कधी नव्हतेच.
तापाने गेला तेव्हा पाद्रीने जागा दिली नाही,
मत वेगळे म्हणून.
मिठागराच्या बांधापलीकडे, खाऱ्या चिखलात,
मी, एक तारवटी,
आणि खड्डा खणायला आल्मैदांच्या घरून पाठवलेला माणूस.
अकरांतला एक.

त्याने माप विचारले नाही.
खड्ड्यात पाणी भरत होते, तो ओंजळीने उपसत राहिला.
मी नाव विचारले. सांगितले त्याने.
दोनच अक्षरे, जिभेला सोपी.
घरी येऊन वही उघडली,
रकाने मोजले: माल, वजन, दर, नग.
बोरू वाळून गेला.

डिंगमाराचे आमच्याकडे अजून
चारशे अठरा शेराफीन निघतात.
मागायला कुणी येत नाही.
दर दिवाळीला मी ती बाकी
नव्या वहीत ओढतो.