बेचाळीस सेकंद

हुपरीची शाळा, सातवी ब.
खिडकीला जुनी सतरंजी लावून अंधार केला
आणि प्रोजेक्टर सुरू: पदार्थाच्या अवस्था.
भिंतीवर परदेशी बर्फ वितळत राहिला.
जुनेद कर्कटकानं बाकावर नाव कोरत होता.

"सर, आमच्यात रोज वितळतंय की,"
अर्पिता मगदूम म्हणाली.
जूनपासूनचं तिचं हे पहिलंच वाक्य.

मी माझा मोबाइल दिला तिला घरी न्यायला.
काचेला तडा, चार्जिंग एकोणीस टक्के.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिची आई,
म्हणजे चेहरा नाही, नुसते हात.
चिमट्यात पैंजणाची कडी,
कडीवर सवागीचा पांढरा ठिपका,
फुंकणीपुढं ज्योतीची निळी जीभ.
झाळ आधी थरथरली,
मग पाण्यासारखी धावत सुटली सांध्यात.

"परत लावा!" जुनेद बाकावर उभा.
परत लावलं. मग हळू गतीनं.
मग अर्पिताच पुढं गेली.
"हितं बघा. चकाकली की लगेच काढायचं,
न्हाईतर कडीच जाती."
आईचे हात तिच्या निळ्या गणवेशावर पडले,
तिची सावली आईच्या विस्तवावर.

मी खडू खिशात टाकला
आणि मागच्या बाकावर
जुनेदचं अर्धं नाव बोटानं चाचपत बसलो.

अगदी शेवटी, हात थांबल्यावर,
आईचा आवाज येतो:
"झालं काय गं तुझं?"

दर वेळी अख्खा वर्ग ओरडतो,
"न्हाई!"