एक वाव पाणी

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीत
एका वेळी आठ गाड्या मावतात.
बस्त्यांव धक्क्यावर उभा राहून ठरवतो.
शिट्टी नाही, नुसतं बोट:
दुधाची व्हॅन घे, तिला लगेच परतायचंय,
नवऱ्याची गाडी राहू दे, मुहूर्त दुपारचा आहे.
त्याला बघत बघत पाच महिन्यांत
मी रजिस्टर वाटायला शिकले.

नव्या चिपमध्ये रजिस्टरही आठच,
त्यातली दोन आधीच कुणाच्या तरी नावावर.
बाकीच्या आकड्यांनी मेमरीत जाऊन थांबायचं,
हाक आली की यायचं.
प्रत्येक खेपेला वेळ मोडतो.

आमचा कंपायलर दोन प्रोसेसरांशी आधीपासून बोलतो.
एक ऐसपैस, बत्तीस खोल्यांचा.
एक जुना, खडूस,
बेरजेचं उत्तर लिहायला
बेरजेतलाच एक आकडा पुसणारा.
हा तिसरा करंगळीच्या नखाएवढा,
आणि ह्याला भागाकार येत नाही.
मग वजा कर, परत वजा कर, मोजत राहा,
मालीमच्या जेटीवर बांगड्यांचे वाटे घालतात तसं:
हो तुका, हो म्हाका,
पाटली रिकामी होईस्तोवर.

मधे एक भाषा आहे, आम्हीच केलेली.
तिच्यात रजिस्टरांना अंत नाही,
तिच्यावर एकही यंत्र चालत नाही,
आणि सगळं तिच्यातूनच जातं.
आई कोंकणीत रागावते, हिशेब मराठीत लिहिते.
रागावण्याआधी क्षणभर गप्प असते
तेव्हा ती कुठल्या भाषेत असते
मी कधी विचारलं नाही.

गुरुवारी इनासचा फोन,
त्याच्या होडीवर आमचा खोली मोजणारा डबा:
"बाय, तुजें यंत्र दोनशें छपन्न वांव दाखयता,
आनी म्हजी होडी चिखलांत रुतल्या."

पाणी एक वाव होतं.
एकच लिहिलं होतं आम्ही, खरंच.
आमच्याकडे धाकटा बाइट आधी,
ह्या चिपकडे थोरला.
एक दोन्ही टोकांनी एकच असतो
असं मी धरून चालले होते.

दुरुस्ती एका ओळीची.
संध्याकाळी धक्क्यावर पोचले,
बस्त्यांवनं माझ्या जुन्या मारुतीकडे बघितलं,
बोट आडवं केलं:
फुडले फेरीक.

फेरी सुटली.
मी इंजिन बंद केलं, लॅपटॉप मांडीवर घेतला.
मी लागणार होते,
पण आत्ता नाही.