वऱ्हाड नसलेली रात्र

मुहूर्त नव्हता, तरी लॉन लावलेलं.
नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथं
चार खांब, चार बाजूंना दोर,
दोरांच्या आत शीलवंत गजघाटे, इंदोऱ्याचा,
आणि समोर सोमकिद,
भातखाचरांच्या कुठल्याशा गावचा,
आठव्या वर्षापासून लढतो म्हणे.

पाहुणे ताडोबाहून परतलेले.
तीन सफाऱ्या, एक मोर, ओल्या वाटेवर पंजाचा ठसा.
वाघ दिसला नाही म्हणून चांडकशेठनं
रात्रीच्या जेवणासोबत ही कुस्ती ठेवली.
कुस्ती नाही शेठ, दुभाष्या सांगत होता,
हिच्यात कोपर चालतं, गुडघा चालतो.
चालू दे ना बे, शेठ म्हणाला,
पनीर गरम आहे तोवर.

त्यांच्या बाजाचा पेनड्राइव्ह लागेना.
स्पीकर नुसता खरखरला
आणि सोमकिद जागचा हलेना.
वाजल्याशिवाय तो हात जोडणार नाही,
हात जोडल्याशिवाय मारणार नाही.
तेव्हा कुणाला तरी आठवलं
की जनरेटरच्या मागच्या खोलीत मी राहतो.

मी म्हणजे सनई. बावीस हंगाम, याच लॉनवर.
पुतण्याला उठवलं, ताशा शेकला.
दुभाष्यानं मोबाइलवर जरासं ऐकवलं:
सनईच ती, पण नाकात बोलणारी,
दूरदेशी दिलेली बहीण
घरची बोली विसरून भेटायला यावी तशी.

मी सूर धरला. तो गुडघ्यांवर बसला.
कपाळाला सुताचं कडं, मुंडावळ्याच म्हणा,
दंडाला चिंधी, आईच्या लुगड्याची.
तीनदा वाकला, मग उठून
चारी दोरांच्या कडेनं असा फिरला
जसं कुणी पेरणीआधी शेताचे धुरे बघत फिरतं.
पाहुणे सूप पीत होते.
एकानं दोनदा घड्याळ पाहिलं.

मग घंटा.
दुभाष्या म्हणाला होता, पायांकडे बघून वाजवा.
बघितलं. नडगीवर नडगी.
सुक्या बाभळीवर कुऱ्हाड पडते तो आवाज,
आणि मलमाचा वास थेट माझ्या नाकात,
जायफळ, कापूर, काहीतरी.
माझा श्वास चढला, ताशा धावला,
आणि मला कळेना
ते मारतात म्हणून मी धावतो
का मी धावतो म्हणून ते मारतात.

चौथ्या फेरीत शीलवंतची भुवई फुटली.
ह्याच्या बहिणीच्या लग्नात मी वाजवलंय.
पांढऱ्या साडीतली नवरी,
आणि हा एवढासा, ताशाची काडी पळवून
टेबलांखाली लपलेला.
खुर्च्या मागं सरकल्या, मोबाइल वर झाले.
आता दिसला त्यांना वाघ.

पाचवीला मी काय केलं ते सांगतो.
ठरवून केलं असं नाही, दमच संपला होता.
पाठवणीचा सूर लागला,
नवरी गाडीत बसते तेव्हाचा.
पुतण्यानं माझ्याकडे वळून पाहिलं,
ताशा अडखळला, मग बसला मागोमाग.
सोमकिदनं मान तिरपी केली.
त्याला काय ठाऊक पाठवणी!
तरी उठलेला गुडघा अर्ध्यातच राहिला.
शीलवंतच्या मानेमागं दोन्ही हात गुंफून
तो उभा राहिला. नुसता.
दोघं घामानं चिकटलेले,
कुणी कुणाला सोडेना.

मागून कुणीतरी हुर्यो केली.
शेठनं माझ्या पाकिटातले दोनशे कापले.
तुले कोण सांगतलं बे शहाणपणा कराले?

पहाटे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
सोमकिदनं खुणेनं सनई मागितली.
पत्ती ओठांत धरली, गाल फुगवले.
हवा. फक्त हवा.
पुन्हा फुंकलं, डोळे वर गेले,
आणि शीलवंत पोह्यांसकट फुटला.
हसू नको बे, मी म्हटलं,
टाका उसवंल.